विश्लेषण : वेंगुर्ल्याच्या पहाटेला फ्लॅनेलचा गाऊन, ऊब देणारी लवच आग का पकडते?

डिसेंबर मध्यावर आला की वेंगुर्ल्यात दिवसाचे दोन ऋतू होतात. दुपारी पंखा लागतो आणि पहाटे चादर अपुरी पडते. काजू-आंब्याला मोहर येऊ लागतो आणि बागायतदार थंडी टिकावी म्हणून आभाळाकडे पाहतात. घरातल्या बायकांना मात्र पहाटे उठून न्हाणीतली चूल पेटवायची असते, अंगण झाडायचे असते. स्वेटर घालावा इतकी थंडी नाही आणि सुती गाऊनवर भागत नाही, अशी ही वेळ. याच वेळेसाठी अनेक घरांत फ्लॅनेलचा गाऊन शिवला जातो. हे कापड मऊ आणि उबदार असते, तयार स्वेटरपेक्षा स्वस्तही पडते. पण ज्या गुणामुळे ते ऊब देते, त्याच गुणामुळे ते आटते, धाग्यांच्या गुठळ्या धरते आणि साध्या सुती कापडापेक्षा लवकर पेट घेते. त्यामुळे गाऊन कसा बेततात, हा प्रश्न सोयीचा आहे तसा सुरक्षेचाही आहे.

फ्लॅनेल म्हणजे नेमके काय?

जुनी माणसे ज्याला फलालीन म्हणतात, तेच हे कापड. मूळ फ्लॅनेल लोकरीचे. ब्रिटनमधील वेल्स प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता आणि या शब्दाचा उगमही लोकरीसाठीच्या वेल्श शब्दाशी जोडला जातो. आज आपल्या बाजारात मीटरवर मिळणारे फ्लॅनेल बहुतेक वेळा सुती असते. इंग्रजीत त्याला ‘फ्लॅनेलेट’ असे वेगळे नाव आहे. बाळाची झबली, टोपडी आणि दुपटी शिवतात ते हेच.

साध्या सुती कापडापेक्षा ते वेगळे होते ते विणकामानंतर. यातला आडवा धागा मुद्दाम सैल पिळाचा ठेवतात. विणलेले कापड बारीक, वाकड्या तारांनी मढवलेल्या रुळांवरून फिरवले जाते. या तारा सैल धाग्यातील तंतूंची टोके ओढून बाहेर काढतात आणि कापडावर लव उभी राहते. कधी एकाच बाजूला, कधी दोन्ही बाजूंना. कापूस तोच, वजनही जवळपास तेच. फरक फक्त या लवेचा.

ऊब कापसाची की हवेची?

बहुतांशी हवेची. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर पाण्याची ०.६ च्या आसपास, म्हणजे वीसपटीहून अधिक. फ्लॅनेलच्या लवेत हवेचे असंख्य लहान कप्पे अडकून बसतात. शरीराची उष्णता या थरातून सहज बाहेर पडत नाही आणि बाहेरचा गार वारा थेट त्वचेपर्यंत पोहोचत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ओले फ्लॅनेल ऊब देत नाही, कारण कप्प्यांतली हवा जाऊन तिथे पाणी बसते. कापूस तर हवेतला दमटपणाही शोषतो. ६५ टक्के आर्द्रता आणि २० अंश सेल्सिअस तापमान या प्रमाणित स्थितीत कापसात वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी असते. किनारपट्टीवर घडी करून ठेवलेला गाऊन पहाटे गारढोण लागतो तो यामुळेच. आदल्या दुपारी तासभर उन्हात टाकला तर फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट, लव दबली की ऊब कमी होते. म्हणून फ्लॅनेलवर इस्त्री घासत फिरवू नये. ती उलट बाजूने ठेवावी आणि उचलावी. खळ तर अजिबात करू नये.

वेंगुर्ल्याला कसा गाऊन लागतो?

ज्या वेंगुर्ले तालुक्यात कौलारू घराच्या ओटीवर पहाटे झोंबणारा वारा येतो, तिथेच दुपारी पारा तिशीच्या वर जातो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि डोंगराकडून समुद्राकडे वारा वाहू लागतो. दुपारी त्याची दिशा उलटते. सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत गाऊन दिवसभर अंगावर राहू शकेल. वेंगुर्ल्यात तो नऊ-दहा वाजता उतरवावाच लागतो.

म्हणून इथल्या गाऊनला अस्तर नको. तो आतल्या सुती कपड्यावर चढवता यावा इतका सैल हवा आणि झटकन काढता यावा म्हणून पुढून उघडा हवा. बाही पाऊण पुरते. पाण्यात आणि विस्तवाजवळ हात घालणाऱ्या बाईला मनगटापर्यंतची सैल बाही नकोच असते. कापड मध्यम वजनाचे, साधारण १५० ते १८० ग्रॅम प्रति चौरस मीटर असले तरी भागते.

कापड किती घ्यावे?

दुकानात सर्वांत आधी पन्हा विचारावा. फ्लॅनेल ३६ इंची पन्ह्यातही येते आणि ४४ इंचीतही. पुढील हिशेब ३६ इंची पन्ह्याचा आहे. छाती ३८ इंच आणि शिवून तयार उंची ४६ इंच धरली आहे. सव्वापाच फूट उंचीच्या बाईला ही लांबी घोट्याच्या वर साधारण चार बोटे येते.

फ्लॅनेल ताणले जात नाही. त्यामुळे छातीत ६ इंच सैलपणा द्यावा लागतो. ३८ अधिक ६ म्हणजे ४४. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २२ इंच, दोन्ही कडांना एकेक इंच माया धरून २४ इंच. खालचा घेर ६० इंच पुरतो. म्हणजे प्रत्येक भाग खाली ३० इंच आणि मायेसह ३२ इंच. उंचीला खांद्याची माया आणि खालची दुमड धरून ४८ इंच. असे दोन भाग मिळून ९६ इंच. बाह्यांसाठी आणखी १४ इंच, कारण दोन्ही बाह्या पन्ह्यात शेजारी-शेजारी बसतात. एकूण ११० इंच.

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. ११० इंच म्हणजे पावणेतीन मीटरच्या थोडे वर. पण हे माप धुतलेल्या कापडाचे आहे. सैल विणीचे सुती फ्लॅनेल पहिल्या धुण्यात ५ टक्के किंवा त्याहूनही जास्त आटू शकते. पाच टक्के धरले तरी ११० इंच हाती येण्यासाठी सुमारे ११६ इंच कापड घ्यावे लागते. त्यामुळे सव्वातीन मीटर घेणे शहाणपणाचे. आटल्यावर त्यातून साधारण ११ इंचांची पट्टी उरते आणि खिसा, बटणपट्टी, बगलेचे तुकडे तिच्यातून निघतात. पन्हाही ३६ वरून ३४ च्या आसपास येतो. ३२ इंचांचा भाग त्यात बसतो, पण त्याहून मोठा घेर बसणार नाही.

कापड न धुता गाऊन शिवला, तर ४६ इंचांची उंची ४४ च्या खाली येईल. छातीतला ६ इंचांचा सैलपणा ४ पेक्षाही कमी उरेल. आधी सैल वाटणारा गाऊन दुसऱ्या आठवड्यात काखेत काचू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

कापताना आणि शिवताना काय सांभाळावे?

आधी सगळे कापड पाण्यातून काढावे, तेही पुढे गाऊन जसा धुणार तसेच. गरम पाणी वापरणार असाल तर आताही गरम. सावलीत वाळवावे. सुकल्यावर कापडावरून तळहात फिरवून पाहावा. एका दिशेने लव बसते, दुसऱ्या दिशेने उठते. सगळे भाग एकाच दिशेने कापावेत. नाहीतर पुढचा आणि मागचा भाग उन्हात दोन वेगळ्या रंगांचा दिसतो.

बाहीसाठी दोन पद्धती आहेत. गोल मुंढा काढून बाही बसवणे ही आजची पद्धत. पण जाड, लव असलेल्या कापडात मुंढ्याचा फुगवटा जिरवणे नवशिक्या हाताला कठीण जाते. दुसरी पद्धत जुन्या बंडी-पैरणीची. अंगाचा भाग खांद्यापर्यंत सरळ, बाहीही सरळ आणि काखेत चौकोनी चौबगला. या कापात खांदा थोडा खाली उतरतो, त्यामुळे बाही १२ इंच तयार ठेवली तरी ती कोपराच्या खाली जाते. चौबगला ४ इंचांचा, मायेसह ५ इंचांचा. त्यामुळे हात वर केला तरी गाऊन वर ओढला जात नाही. वळणावर कपडे टाकणे, दोरीवरची चादर काढणे, नारळाचे झाप उचलणे अशा कामांत या लहानशा तुकड्याची किंमत कळते.

सुई १४ नंबरची घ्यावी. कापड फारच जाड असेल तर १६ नंबरची. टाका किंचित मोठा, अडीच ते तीन मिलिमीटरचा. पायमशीनच्या दाबपट्टीचा दाब थोडा कमी करावा, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि कडा जुळत नाहीत. टाचण्या जवळजवळ लावाव्यात. फ्लॅनेल कापताना आणि शिवताना भुसा फार सुटतो. तो बॉबिनच्या घरात साचला की टाके सुटू लागतात. म्हणून गाऊन पूर्ण झाल्यावर मशीनची पट्टी उघडून ब्रशने साफ करावी.

खांदे जोडावेत, मग बाह्या, मग चौबगला, आणि शेवटी बाहीपासून खालपर्यंत एकच सलग शिलाई मारावी. कडांना ओव्हरलॉक करून घ्यावा, कारण सैल धागे पटकन निसटतात. गळ्याला फ्लॅनेलचीच दुहेरी पट्टी लावली तर मानेला जाड लागते. त्याऐवजी मलमलीची उरेब पट्टी लावावी. पुढचा उघडा भाग निदान कमरेपर्यंत ठेवावा आणि त्याला सहज निसटणारी टिचबटणे लावावीत. याचे कारण पुढे येते.

हे कापड लवकर का पेटते?

याचे उत्तर नारळाच्या झाडाखालीच सापडते. वाळलेल्या सोडणाला काडी लावली की त्याचे मोकळे तंतू क्षणात पेटतात. करवंटीला मात्र धग धरायला वेळ लागतो. दोन्ही एकाच फळाची, पण सोडणाच्या प्रत्येक तंतूभोवती हवा असते. फ्लॅनेलच्या लवेचेही तसेच. कापूस मुळात ज्वलनशील, त्यात प्रत्येक सुटा तंतू प्राणवायूने वेढलेला. ठिणगी पडली की आधी लव पेटते आणि ज्योत पृष्ठभागावरून झरझर पसरते. खालचे कापड त्यानंतर धरते.

त्यात गाऊनचा आकार भर घालतो. सैल, लांब कपड्याची खालची कड पेटली तर कापड आणि शरीर यांच्यामधल्या पोकळीत गरम हवा वर चढते. ही पोकळी धुराड्यासारखी ज्योत वर खेचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. महिलांचा धोका वाढण्यामागे उघड्या चुली, असुरक्षित शेगड्या आणि त्यांवर पेटणारे सैल कपडे ही कारणे संघटनेने नोंदवली आहेत.

इतरत्र यावर काय उपाय झाले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फ्लॅनेलेट हे गरिबांचे उबदार कापड होते आणि शेकोटीजवळ मुले भाजण्याच्या घटनांमुळे बदनामही झाले होते. १८५६ मध्ये पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग शोधणाऱ्या विल्यम पर्किन यांचे रसायनशास्त्रज्ञ पुत्र विल्यम पर्किन (कनिष्ठ) यांनी यावर काम केले. कथिलाच्या क्षारात आणि नंतर अमोनियम सल्फेटमध्ये बुडवून त्यांनी धुऊनही टिकणारी अग्निरोधक प्रक्रिया तयार केली आणि १९१२ मध्ये ती न्यूयॉर्कमधील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. कापड खोटेपणाने ‘न पेटणारे’ म्हणून विकण्यास आळा घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १९१३ मध्ये झाला. पुढे १९८५ च्या नियमांनी तिथे मुलांच्या नाइटड्रेससाठी ज्वलनाची कसोटी बंधनकारक केली.

अमेरिकेत ज्वलनशील कापडांविषयीचा कायदा १९५३ चा. मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांचे कडक निकष सत्तरच्या दशकात आले. १९९६ मध्ये त्यात एक सवलत दिली गेली. अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांना अग्निरोधक असण्याची सक्ती उरली नाही, कारण कापड अंगालगत असले की ते ज्योतीपर्यंत लोंबत नाही आणि आगीला आतून हवा मिळत नाही. घरी शिवणाऱ्यासाठी कामाची गोष्ट हीच. कापडावर रासायनिक प्रक्रिया करणे त्याच्या हातात नसते, पण काप त्याच्याच हातात असतो.

मग गाऊनच्या कापात काय बदलावे?

वर दिलेली मापे याच विचाराने ठरवलेली आहेत. उंची घोट्याच्या वर, म्हणजे उकिडवे बसून फुंकणीने चूल फुंकताना कड निखाऱ्यांत लोळत नाही. घेर ६० इंचांवर थांबवला, त्याला खाली झालर नाही. बाही कोपराच्या थोडी खाली, तीही हाताबरोबर. सैलपणा छातीत आणि काखेत दिला, कारण हालचालीला तो तिथेच लागतो. गळ्याला लोंबत्या नाड्या नाहीत. टिचबटणे अशासाठी, की कपडा पेटू लागला तर एका हिसक्यात उघडता यावा. काजांत घट्ट बसलेली बटणे काढताना अशा वेळी बोटे साथ देत नाहीत.

बाळाच्या झबल्यालाही हाच नियम. बंद आखूड असावेत आणि बाळाला धुरी देताना किंवा शेकताना फ्लॅनेलचे दुपटे शेगडीपासून लांब असावे.

कापड घेताना ते खरेच सुती आहे का, हेही पाहावे. कडेचे चार-पाच धागे चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून पेटवावेत. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राखाडी राख होते. पॉलिस्टर आधी आकसते, वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. पॉलिस्टर सुतीपेक्षा सुरक्षित असे मात्र नाही. वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो आणि जखम खोल करतो.

धुताना कपडे मऊ करणारे द्रव ‘सॉफ्टनर’ फ्लॅनेलला वापरू नयेत. लव असलेल्या कापडाची ज्वलनशीलता त्यांनी वाढू शकते, असा इशारा अशा उत्पादनांवरच दिलेला असतो. साधा साबण आणि उलट बाजूने धुणे पुरेसे आहे. लवेच्या गुठळ्याही त्याने कमी धरतात.

तरीही कपड्याने पेट घेतला तर?

धावू नये. धावल्याने ज्योतीला वारा मिळतो. जागीच थांबावे, जमिनीवर पडावे, चेहरा हातांनी झाकून लोळावे. जवळच्या माणसाने जाड सुती चादर किंवा घोंगडे टाकून आग दाबावी किंवा पाणी ओतावे. आग विझल्यावर भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गाऊन टिकवायचा कसा?

वेंगुर्ल्यात तो वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने लागतो. उरलेल्या काळात त्याचा शत्रू पावसाळा. मृगाच्या आधी तो धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच घडी करावा. किंचित दमट राहिला तरी गणपतीपर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके पडतात आणि कापसावरचे हे डाग सहसा जात नाहीत. सुती असल्याने लोकरीसारखी कसर त्याला लागत नाही, पण खळीच्या कपड्यांत तो ठेवू नये.

आणखी एक काम शिवणयंत्राबाहेरचे आहे. गाऊन शिवून झाला की न्हाणीच्या दाराबाहेर, चुलीपासून चार हात लांब, एक खुंटी ठोकावी. चुलीत चुडते सारण्याआधी गाऊन त्या खुंटीवर टांगावा आणि हंड्याखाली जाळ लागला की पुन्हा अंगावर घ्यावा. तेवढ्या वेळात ऊब द्यायला जाळ आहेच.